तास भरतायत, शिकणं अडलंय

पत्र, थोडक्यात:

"ताई, मी नऊ वर्षं आयसीयूत नर्स होते. आता इथे अमेरिकेतच सायकिअॅट्रिक नर्स प्रॅक्टिशनरचा (एनपी, म्हणजे मानसोपचारात निदान करून औषध लिहून देणारी नर्स) कोर्स करतेय आणि पहिलं प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष क्लिनिकमधलं शिक्षण, सुरू आहे. प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती, शोधायचं काम कॉलेजने आमच्यावरच सोडलं होतं. कितीतरी ईमेल आणि फोन झाल्यावर एका क्लिनिकमधल्या एनपी बाई तयार झाल्या. स्वभावाने चांगल्या आहेत, पण दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढचा पेशंट. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघते. कधी मला बोलायला सांगितलं तर आत्महत्येच्या प्रश्नापाशी जीभ अडखळते. परवा एका पेशंटने मला बाहेर बसायला सांगितलं. एक दिवस यादीत आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांचं नाव दिसलं आणि मला घामच फुटला. एकदा काम सहाच तास झालं होतं, तर बाई म्हणाल्या, 'आठ लिही, मी सही करते.' थेरपी म्हणाल तर अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. आयसीयूत सगळे मला विचारायला यायचे, इथे मी बिनकामाची. परत जावं का?
ता. क. कपडे काय घालायचे हेही कळत नाही. सवय स्क्रबची, आणि बॅज गळ्यात."

प्रिय मैत्रीण,

जाऊ नका. कोर्स सोडावा असं एकही कारण मला तुमच्या पत्रात सापडलं नाही. या आठवड्यातच हात घालायला हवा अशा दोन गोष्टी मात्र आहेत, तासांची नोंद आणि तो आत्महत्येचा प्रश्न. बाकीच्यांना वेळ लागेल, लागू द्या.

आयसीयूतून आलेल्या विद्यार्थिनी माझ्याकडे क्लिनिकल्सला येतात तेव्हा सुरुवातीला त्यांची हीच तक्रार असते, आणि ती रास्त आहे. तिकडे ड्रिपचा दर बदलला की काही मिनिटांत ब्लड प्रेशर सांगतं तुमचं बरोबर की चूक. इथे आज सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध सुरू केलं तर त्याचा पुरता अंदाज यायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तच. तोवर कदाचित तुमचं रोटेशनही बदललेलं असतं. तपासणीचं मुख्य साधन म्हणजे बोलणं, आणि अनुभवी माणसाचं बोलणं बाहेरून नुसत्या गप्पांसारखं दिसतं. त्यामुळे बाई नेमकं काय करतायत हेच तुम्हाला दिसत नाही. त्यांनी "कामावर कसं चाललंय?" असं सहज विचारलं, तेव्हा त्या एकाग्रता, ऊर्जा, चिडचिड आणि दारू या चारही गोष्टी एकदम चाचपत होत्या, हे कोपऱ्यातल्या खुर्चीतून कळणार कसं?

पण तुमचं घोडं नवखेपणापाशी अडलेलं नाही. तुम्ही बघताय भरपूर, मत देत नाही आहात. बाई औषध ठरवतात, तुम्ही मनात "हो, बरोबर" म्हणता आणि पुढचा पेशंट येतो. उत्तर ऐकल्यावर ते आपल्यालाही येत होतं असं प्रत्येकाला वाटतं. खरंच येत होतं का, हे कळायचं असेल तर बाईंच्या आधी तुम्ही बोलायला हवं. निदान काय, कोणतं औषध, किती, कशासाठी, आणि आज मुद्दाम काय करणार नाही. चुकलं तर चुकलं. चुकलेलं मत बाई दुरुस्त करतील. न दिलेल्या मताचं त्यांनी काय करावं?

आता यात त्यांचा वेळ जाईल ही तुमची भीती. म्हणून मागणी नेमकी करा. "मला जास्त संधी द्या" असं म्हणू नका. गर्दीत असलेल्या माणसाला त्याचं काय करायचं ते सुचत नाही. सकाळी यादी बघा, दोन पेशंट निवडा आणि विचारा, "हे दोघे मी घेऊ का? तुम्ही आधीच्या पेशंटची नोट पूर्ण करेपर्यंत मी आत जाऊन पहिली दहा मिनिटं बोलते, बाहेर येऊन दोन मिनिटांत सांगते, मग आपण दोघी आत जाऊ." दोघांपैकी एक स्थिर, जुना पेशंट असू द्या आणि दुसरा असा, की ज्याच्यात काहीतरी बदललंय. पेशंटला जास्त वेळ मिळतो आणि बाईंना अर्धीअधिक लिहिलेली नोट. २०२० पासून मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमांत एनपी विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद प्रिसेप्टरने तपासून, सही करून वापरायला परवानगी आहे. क्लिनिकचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो, तो आधी विचारून घ्या.

शिकवण्याची एक जुनी पद्धत आहे, 'वन-मिनिट प्रिसेप्टर' नावाची. फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी ती १९९२ मध्ये मांडली. विद्यार्थ्याला आधी मत द्यायला लावायचं, मग "कशावरून?" विचारायचं, एक सर्वसाधारण नियम सांगायचा, बरोबर काय केलं ते सांगायचं आणि चुकलं ते सुधारायचं. बाईंना ती माहीत असेल किंवा नसेल, तुम्ही ती तुमच्या बाजूने सुरू करू शकता. "मी आधी माझं मत सांगते, तुम्ही फक्त 'कशावरून' एवढं विचारा." याला नाही म्हणणारा प्रिसेप्टर मी पाहिलेला नाही.

एक उदाहरण देते. रचलेलं आहे, पण असे पेशंट प्रत्येक क्लिनिकमध्ये असतात. बत्तीस वर्षांची बाई, नैराश्यासाठी सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमवर सहा आठवडे. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचा स्कोअर १७ होता, आज ५ आहे. विद्यार्थिनी बाहेर येऊन सांगते, "छान सुधारणा. औषध तेच ठेवू, दोन महिन्यांनी बोलावू." प्रिसेप्टर विचारते, "झोप?" विद्यार्थिनी म्हणते, "झोपेच्या प्रश्नाला शून्य दिलंय." "किती तास झोपते?" ते विचारलेलं नसतं. दोघी आत जातात. तीन तास झोपते, साडेतीन. दिवसा थकवा? छे, उलट इतकी कामं कधीच उरकली नव्हती. पहाटे तीनला उठून कपाटं रंगवतेय. बहीण म्हणते, अगं जरा हळू बोल.

पीएचक्यू-९ विचारतं की झोपेचा त्रास होतोय का. तिला त्रास नाहीच, म्हणून शून्य. निद्रानाश झालेला माणूस झोप लागत नाही म्हणून करवादतो, दुसऱ्या दिवशी त्याचं अंग गळून जातं. इथे झोपेची गरजच कमी झालीय. ही अवस्था चार दिवस किंवा जास्त टिकली, सोबत वाढलेला उत्साह, भरभर बोलणं, अंगावर घेतलेली नवनवी कामं असली तर हायपोमेनियाचा (उन्मादाच्या सौम्य अवस्थेचा) विचार करावा लागतो. आठवडाभर टिकली आणि कामधंदा, संसार विस्कटू लागला, किंवा इस्पितळात ठेवण्याची वेळ आली, तर मेनियाचा, म्हणजे पुऱ्या उन्मादाचा. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. औषधाच्या आधी कधी असे दिवस आले होते का? घरात कुणाला बायपोलर? पैसे कुठे उडवले? आणि हे अँटिडिप्रेसंट असंच चालू ठेवायचं का? त्या विद्यार्थिनीने "औषध तेच" असं ठामपणे सांगितलं नसतं, तर तासांची चौकशी करायची हे तिला आयुष्यभर लक्षात राहिलं नसतं.

आणि कृपा करून आयसीयूची नऊ वर्षं पाण्यात गेली असं समजू नका. बायपोलरवरच्या लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ mEq/L च्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, हे वर्गात सगळेच पाठ करतात. पण गुडघेदुखीसाठी रोज आयब्युप्रोफेन घेणारा, ब्लड प्रेशरसाठी लिसिनोप्रिल आणि थायझाइड चालू असलेला, दोन दिवस जुलाबाने हैराण झालेला लिथियमवरचा पेशंट समोर आला (या सगळ्यांनीच लिथियम रक्तात साचतं), की ज्या बाईने निकामी मूत्रपिंडं जवळून पाहिली आहेत तिच्या पोटात आधी गोळा येतो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्या पेशंटला "शौचाला होते का?" हे विचारायची लाज वाटणार नाही अशीही तुम्हीच. रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी होण्याची काळजी सगळे करतात. एफडीए या औषध-नियामक संस्थेने क्लोझापिनची सक्तीची 'रेम्स' सुरक्षा-नोंदणी २०२५ मध्ये काढून टाकली, तपासणीची शिफारस मात्र औषधाच्या माहितीपत्रकात कायम आहे. तुंबलेल्या आतड्यानेही या औषधावरची माणसं दगावतात, आणि एफडीएने त्याबद्दलचा इशारा २०२० मध्ये आणखी कडक केला. सेरोटोनिन सिंड्रोम आणि एनएमएस (न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम) या औषधांच्या दोन जीवघेण्या प्रतिक्रियांतला फरक तुम्ही हातांनी ओळखाल. पहिल्यात पाय झटके देतात आणि रिफ्लेक्स चढे असतात, दुसऱ्यात अंग लाकडासारखं ताठ होतं. अचानक बरळू लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'सायकोसिस' म्हणण्याआधी लघवीची तपासणी, ऑक्सिजन आणि औषधांची यादी बघायची, हे तुमच्या हाडीमाशी आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीतून यातलं काही बोलून दाखवलंत का बाईंना?

आता जीभ अडखळण्याबद्दल.

आयसीयूत तुम्ही नातेवाइकांना विचारलंय, हृदय थांबलं तर छाती दाबायची का, नळी घालायची का. हा प्रश्न त्याहून अवघड नाही. तिकडे दोन्ही उत्तरांपुढे काय करायचं ते तुम्हाला ठाऊक होतं. इथे समोरचा "हो" म्हणाला तर पुढे काय, हे ठरलेलं नाही, म्हणून जीभ मागे ओढते. तेव्हा आधी ते ठरवा. "हो" आलं तर तुम्ही उठायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. इरादा किंवा बेत दिसला तर पेशंटला खोलीत एकटं सोडायचं नाही, बाईंना तिथेच बोलवायचं. ही पद्धत बाईंशी आधीच ठरवून ठेवा: फोन करायचा, चॅटवर अमुक शब्द टाकायचा की दार उघडून हाक मारायची. पेशंटला घरी पाठवायचं की इस्पितळात, हा निर्णय विद्यार्थ्याचा नसतो. कुणी तो तुमच्या गळ्यात टाकला तर घेऊ नका.

विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, संशोधनाने तो खोडून काढलाय. खरा घात होतो तो गुळमुळीत विचारण्याने. "तसे काही विचार नाहीत ना?" असं म्हटलं की पेशंटला कळतं, हिला 'नाही' ऐकायचंय, आणि तो तुमची सोय बघतो. कोलंबिया स्केल या आत्महत्येचा धोका जोखणाऱ्या प्रश्नावलीचा क्रम पाठ करा, कारण त्यात चढत्या पायऱ्या आहेत. गेल्या महिन्यात असं वाटलं का, की मेलो असतो तर बरं, किंवा झोपलो ते उठूच नये? जीव देण्याचे विचार प्रत्यक्ष मनात आले का? दुसऱ्याला "हो" आलं तर पुढे: कसं करायचं याचा विचार केला का? तसं करायचा इरादा होता का? बारीकसारीक बेत आखायला सुरुवात केली होती का? आणि हे सगळं झालं तरी, न झालं तरी, शेवटचा प्रश्न प्रत्येकाला: आयुष्यात कधी असा प्रयत्न केला का, किंवा त्याची काही तयारी? हा शेवटचा प्रश्न घाईत गळतो. वरची सगळी उत्तरं "नाही" आलेला माणूस इथे थबकतो आणि सांगतो की दोन महिन्यांपूर्वी गोळ्या मोजून ठेवल्या होत्या.

विचारताना कीबोर्डवरून हात काढा. स्क्रीनकडे बघत विचारलेल्या या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. आणि सराव मोठ्याने करा, गाडीत एकटीने, वर्गमैत्रिणीसमोर. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून येत नाही. बंदुकीबद्दल विचारायला तर आपली मंडळी हमखास बिचकतात. अमेरिकेत आत्महत्येने होणाऱ्या निम्म्याहून अधिक मृत्यूंत बंदूक असते. त्यामुळे "घरात बंदूक आहे का, कुलपात असते का, किल्ली कुणाकडे?" हा आगाऊपणा नाही, जितकं साधेपणाने विचाराल तितकं साधेपणाने उत्तर येतं. काही जुन्या क्लिनिकमध्ये "मी जिवाचं काही करणार नाही" असं पेशंटकडून लिहून घेतात. त्याचा उपयोग होतो याला आधार नाही. त्याऐवजी सेफ्टी प्लॅन शिका. विचार वाढू लागल्याची त्याची स्वतःची लक्षणं, एकट्याने करता येणाऱ्या गोष्टी, मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा, ज्यांच्याकडे मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर आणि ९८८ हा आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबर, आणि घरातली हत्यारं-औषधं दूर ठेवणं. हे पेशंटच्याच शब्दांत लिहायचं असतं. "मित्राला फोन करीन" असं लिहू नका. कोणता मित्र, तो रात्री दोनला फोन उचलतो का, ते विचारा.

ज्या संभाषणात अडखळलात ते त्याच संध्याकाळी आठवेल तितकं शब्दशः लिहून काढा. एका रकान्यात पेशंट काय म्हणाला, दुसऱ्यात तुम्ही काय म्हणालात, तिसऱ्यात त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं. याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. हिल्डगार्ड पेप्लाऊ १९५० च्या दशकात रटगर्समध्ये मानसोपचार नर्सिंग शिकवत होत्या, तेव्हा त्या विद्यार्थिनींकडून अशा नोंदी करून घेत. आजच्या विद्यार्थ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण तिसरा रकाना बघितला की विषय तुम्ही स्वतःच कुठे बदललात ते लख्ख दिसतं. पेशंट रडायच्या बेतात होता आणि तुम्ही साइड इफेक्ट्स विचारायला लागलात, अशी जागा सापडेलच. नाव, जन्मतारीख, गाव, काहीही ओळख त्यात नको. फोनच्या नोट्समध्ये नको. काम झालं की श्रेडरमध्ये टाका.

तासांचं. आठ लिहू नका.

बाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. अनेक प्रिसेप्टर ही मेहेरबानी म्हणून करतात, कारण विद्यार्थी किती धावपळ करतो ते त्यांना दिसतं, आणि या कामाचे त्यांना बहुतेकदा पैसेही मिळत नाहीत. पण न केलेल्या तासांवर दोन सह्या असतात, त्यातली एक तुमची. उघडकीला आलं तर कॉलेज काढून टाकू शकतं, आणि तुमचं आजचं नर्सचं (आरएन) लायसन्सही नर्सिंग बोर्डापुढे जाऊ शकतं. नऊ वर्षांची पुण्याई दोन तासांसाठी पणाला लावण्यात काय हशील? नुसतं एवढं म्हणा, "कॉलेज वेळा तपासतं, मी सहाच लिहिते. उरलेले दोन पुढच्या आठवड्यात भरून काढू का?" आरोप नाही, उपदेश नाही. बाई "बरं" म्हणतील आणि विषय संपेल.

कशाला तास म्हणायचं तेही नीट पाहून घ्या. एनपी शिक्षणाच्या राष्ट्रीय निकषांत पूर्वी किमान ५०० तास होते, २०२२ च्या सुधारित निकषांत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास आले. एएनसीसी या नर्सना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या परीक्षेला बसण्याची किमान अट ५०० तासांची आहे. तुमच्या कॉलेजचा आकडा याहून मोठा असू शकतो, आणि तुम्हाला बांधील तोच. प्रवास, जेवणाची सुट्टी, घरी बसून केलेला अभ्यास आणि सिम्युलेशन लॅब हे प्रत्यक्ष रुग्णसेवेत धरत नाहीत.

थेरपीची गैरहजेरी मात्र मला खरंच खटकली, आणि यात बाईंकडे बोट दाखवून उपयोग नाही. एएनसीसी किमान दोन थेरपी पद्धतींचं क्लिनिकल प्रशिक्षण मागते, शिवाय तुमचं सर्टिफिकेट लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सगळ्यांसाठी असणार आहे. फक्त औषधांचे फॉलोअप बघणाऱ्या एका क्लिनिकमध्ये हे कधीच जमणार नाही. आजच फॅकल्टीला लिहा, "माझे एवढे तास झाले, त्यात थेरपी शून्य, मुलं शून्य, तर पुढच्या टप्प्यात काय योजना आहे?" लेखी विचारा. इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्रॅममध्ये (दाखल न होता घ्यायच्या सघन उपचारांत) एखादा सीबीटीचा, म्हणजे विचार-वर्तन थेरपीचा, ग्रुप थेरपिस्टसोबत चालवायला मिळाला तर उत्तम. तोवर मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा (बदलाची इच्छा पेशंटकडूनच वदवून घेण्याच्या पद्धतीचा) सराव पंधरा मिनिटांच्या भेटीतही होतो. "औषध का सोडलंत?" ऐवजी "औषध घेण्यातलं काय पटतं, काय पटत नाही?" असं विचारा आणि नंतर गप्प बसा. गप्प बसणं आयसीयूच्या नर्सला सर्वांत जड जातं. हाताला काम लागतं ना!

पेशंटने बाहेर बसायला सांगितलं, तर तो त्याचा हक्क आहे. 'विद्यार्थिनी बसली तर चालेल का?' हे बाईंनी तुमच्या समोर विचारू नये एवढं सांगा. फ्रंट डेस्कवरच विचारलं तर नाही म्हणणाऱ्यालाही संकोच होत नाही. पुढच्या भेटीत तोच पेशंट अनेकदा हो म्हणतो.

काकांच्या बाबतीत नाव दिसल्याक्षणी थांबायचं. चार्ट उघडायचा नाही, 'फक्त निदान काय ते बघते' असंही नाही. चार्ट कुणी कधी उघडला ते सिस्टिम टिपून ठेवते. बाईंना एवढंच सांगा, "ओळखीचे आहेत, मी या भेटीला बाहेर थांबते." घरी नवऱ्याला नाही, आईला फोनवर नाही. मंडळाच्या कार्यक्रमात काका दिसले तर क्लिनिकचा विषय त्यांनी काढला तरच, आणि तोही हसून संपवायचा. आणखी एक गोष्ट होणार आहे, म्हणून आताच सांगते. मराठी बोलणाऱ्या आजी येतील आणि कुणीतरी म्हणेल, "ही आहे ना, हिला भाषांतर करू दे." नको म्हणा. क्लिनिकने दुभाषी द्यायचा असतो. तुम्ही एकाच वेळी दुभाषी आणि विद्यार्थी झालात तर दोन्ही कामं अर्धवट होतील, आणि आजी तुमच्यासमोर सुनेबद्दल बोलणार नाहीत ते वेगळंच.

पुढच्या सत्राचा प्रिसेप्टर आताच शोधायला लागा. भरमसाट फी घेऊन विद्यार्थ्यांना दारोदार फिरायला लावणाऱ्या कॉलेजांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. पण तुमची अडचण आजची आहे. कॉलेज आणि क्लिनिक यांच्यातला करार व्हायलाच कित्येक आठवडे जातात, कधी महिने. सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रं, राज्याची इस्पितळं, व्हेटरन्सची इस्पितळं, फेडरल मदतीवर चालणारी आरोग्य केंद्रं, सगळीकडे अर्ज करा. तुमच्या जुन्या आयसीयूत मानसोपचाराच्या कन्सल्टला कोण यायचं? त्यांना तुमचं काम माहीत आहे, अनोळखी शंभर ईमेलपेक्षा तो एक फोन भारी पडेल. पत्र एका पानाचं ठेवा: तारखा, किती तास, काय शिकायचंय, कामातल्या चुकीसाठीचा विमा कोणाचा. पैसे घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांच्याकडे जायचंच असेल तर पैसे भरण्याआधी कॉलेजकडून ती जागा लेखी मंजूर करून घ्या. टेलिसायकिअॅट्रीची (व्हिडिओवरून मानसोपचाराची) जागा मिळाली तर पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं आरएन लायसन्स तुमच्याकडे आहे का, आणि तुमच्या कॉलेजला तिथे विद्यार्थी पाठवायची मुभा आहे का, दोन्ही बघा.

सध्याची जागा बदलण्याची वेळ कधी आली म्हणायची? बाई इमारतीतच नाहीत आणि तुम्ही एकट्या पेशंट बघताय, तुम्ही न पाहिलेल्या पेशंटच्या नोटा तुमच्याकडून लिहून घेतल्या जातायत, किंवा दोन पेशंटची ती मागणी तीन-चारदा करूनही दरवेळी कोपराच वाट्याला येतोय. पहिल्या दोन बाबतींत त्याच दिवशी फॅकल्टीला फोन करा. तिसऱ्यासाठी मिडटर्म मूल्यमापनापर्यंत थांबायला हरकत नाही.

तुमची,
ताई

ता. क. साधे, बंद गळ्याचे कपडे, सपाट बूट. बॅज गळ्यात दोरीने अडकवू नका, कुणी ओढली तर गळ्याला फास बसतो. खिशाला क्लिप लावा, किंवा झटका बसला की सुटणारी दोरी घ्या. आणि पुढच्या खुर्चीत बसायला मिळालं की आधी दार कुठे आहे ते बघा. तुमची वाट मोकळी हवी, आणि पेशंटचीही.